पावलांची नोंद



अस्रच्या नमाजनंतर, दिवस कलत असताना, आपण क्रांती चौकात थोडा वेळ उभे राहून पाहावे. एकीकडे छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, वरून जालना रोडचा उड्डाणपूल, आणि खाली चोहोबाजूंनी येऊन थबकलेली वाहने. येथून पैठण गेट किलोमीटरभर अंतरावर आहे, गुलमंडी त्याच्या थोडी पुढे. रेल्वे स्थानक म्हटले तरी दोन-अडीच किलोमीटर. सिग्नलवर उभ्या असलेल्या मोटारींपैकी कित्येकींत एकच माणूस बसलेला दिसतो. त्यांपैकी किती जण लांबच्या प्रवासाला निघाले आहेत आणि किती जण पुढच्या गल्लीतून औषध किंवा दूध आणायला, हे आपल्याला सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या हेतूची चौकशी करणे आपले कामही नाही. आपण फक्त स्वतःच्या घरातील कालच्या फेऱ्या आठवाव्यात. दारातून मोटार किती वेळा निघाली? आणि त्यांपैकी किती वेळा ती अशा ठिकाणी गेली, जेथे आपले पायच आपल्याला सहज घेऊन गेले असते?

वरकरणी हा प्रश्न पेट्रोलचा किंवा आरोग्याचा वाटतो. परंतु त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. जी वस्तू हलाल आहे, जी हलाल कमाईतून घेतली आहे आणि जिच्या वापरास शरीअतने मनाई केलेली नाही, ती मनाला येईल तशी वापरण्याबद्दल ईमानधारकाला काही जाब द्यावा लागेल काय?

वाहन ही अल्लाहची नेमत

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. इस्लाम वाहनाचा तिरस्कार शिकवीत नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नहलमध्ये (आयत ५ ते ८) अल्लाहने आपल्या उपकारांत जनावरांचा उल्लेख केला आहे. जेथे मनुष्य जिवाचे हाल केल्याशिवाय पोहोचू शकला नसता अशा दूरच्या भूमीपर्यंत ती त्याची ओझी वाहून नेतात. घोडे, खेचरे व गाढवे स्वारीसाठी आणि शोभेसाठी आहेत. त्यापुढे असेही सांगितले आहे की ज्यांची माणसाला माहिती नाही अशा वस्तूही अल्लाह निर्माण करतो. आधुनिक काळातील अनेक भाष्यकारांनी आगगाडी, मोटार व विमान यांना याच शब्दांच्या कक्षेत आणले आहे.

तसेच विनाकारण शरीर कष्टविणे ही आपल्या धर्मात उपासना नव्हे. एक वृद्ध गृहस्थ आपल्या दोन मुलांच्या आधाराने कसेबसे पाय ओढीत चालले होते. काबागृहापर्यंत पायी जाण्याचा त्यांनी नवस केला होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले आणि सांगितले की या माणसाने स्वतःला असे क्लेश देण्याची अल्लाहला काही गरज नाही, आणि त्यांना वाहनावर बसण्याची आज्ञा केली. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित (स.) दर शनिवारी कुबाच्या मस्जिदीत जात असत, कधी पायी तर कधी स्वार होऊन, हेही याच दोन संग्रहांत नमूद आहे.

म्हणजे स्वार होणे निषिद्ध नाही. परंतु निषिद्ध नाही म्हणून हिशेबाबाहेर आहे, असेही नाही. सूरह अत्-तकासुरच्या शेवटच्या आयतीत बजावले आहे की त्या दिवशी तुम्हाला नेमतींविषयी अवश्य विचारले जाईल. येथे थोडे थांबावे. नेमत म्हणतात ती वैध सुखालाच. चोरीच्या मालाचा जाब तर द्यावाच लागेल, परंतु हा प्रश्न हलाल सुखांविषयीही आहे. वाहनावर बसताना आपण सूरह अज्-जुखरुफमधील (आयत १३ व १४) जी दुआ म्हणतो, तिचा शेवटही याच दिशेने होतो. ज्याने हे वाहन आमच्या ताब्यात दिले त्याचे पावित्र्य वर्णून आपण म्हणतो की आम्हाला आमच्या पालनकर्त्याकडे परतायचे आहे. किल्ली फिरविताना ज्याच्या ओठांवर आखिरतचे स्मरण असते, त्याने ही फेरी खरोखर गरजेची आहे काय, हे क्षणभर स्वतःला विचारणे जड वाटू नये.

पाठीचे आसन

या विषयावर सर्वांत नेमका प्रकाश टाकणारी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) यांनी जनावरांच्या पाठीला व्यासपीठ बनविण्यापासून सावध केले. कारण असे दिले की जेथे तुम्ही मोठ्या कष्टाशिवाय पोहोचू शकत नाही तेथे पोहोचविण्यासाठीच अल्लाहने ती तुमच्या ताब्यात दिली आहेत, आणि जमीन तुमच्यासाठी केली आहे, तेव्हा आपल्या गरजा तिच्यावर भागवा.

या मार्गदर्शनात कामाची वाटणी किती स्वच्छ आहे, ते पाहा. दूरचे आणि कष्टाचे अंतर वाहनाचे. जवळचे काम जमिनीचे, म्हणजे आपल्या पायांचे. उंटावर बसल्या बसल्या लोकांशी गप्पा मारीत राहणे हे त्या काळचे उदाहरण होते. चौकात गाडी सुरू ठेवून फोनवर बोलत राहणे, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चारचाकी काढणे, ही आजची उदाहरणे आहेत.

कोणी म्हणेल की उंट हा सजीव आहे. त्याची पाठ दुखते, म्हणून हा आदेश आला. मोटारीला कोठे वेदना होतात? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. मोटारीची पाठ दुखत नाही हे खरे, परंतु तिच्यामुळे दुसऱ्या कोणाची तरी छाती दुखते. क्रांती चौकात दिवसभर उभा असलेला वाहतूक पोलीस, सिग्नलवर फुगे विकणारे मूल, हातगाडीवाला, रिक्षाची वाट पाहणारी बाई, हे सारे आपण सोडलेला धूर श्वासात घेतात. लहान मुलाचे नाक तर सायलेन्सरच्या उंचीच्या अधिकच जवळ असते. आपल्या काचा बंद असतात, त्यांना काचा नसतात. मुक्या जनावरांविषयी अल्लाहचे भय बाळगा, अशी ताकीद प्रेषित (स.) यांनी दिली आहे. मग बोलू शकणाऱ्या, पण गाडीतील माणसाला आपला त्रास सांगू न शकणाऱ्या माणसांविषयी ते भय कमी असावे काय? इतरांना अपाय करू नये आणि अपायाच्या बदल्यातही अपाय करू नये, या आशयाची हदीस तर फिकहचे एक मूलभूत सूत्रच मानली गेली आहे.

यात थोड्या अंतराच्या फेरीचा दोष विशेष आहे. थंड इंजिन पहिली काही मिनिटे जास्त इंधन खाते. धुरातील विषारी वायू निवळविण्यासाठी मोटारीत जे उपकरण बसविलेले असते, ते पुरेसे तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. किलोमीटरभराची फेरी बहुधा ते तापण्यापूर्वीच संपते. म्हणजे जी फेरी टाळणे सर्वांत सोपे, तीच दर किलोमीटरला अधिक धूर सोडणारी ठरते.

नोंदली जाणारी पावले

मदीनेत बनू सलिमा नावाचे एक कुळ मस्जिदे नबवीपासून दूर राहत असे. मस्जिदीजवळ मोकळी जागा झाली तेव्हा त्यांनी तेथे राहायला येण्याचे ठरविले. प्रेषित (स.) यांना हे समजले तेव्हा त्यांनी त्या लोकांना आपल्याच घरांत राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले नोंदली जात होती. माणसांनी पुढे पाठविलेली कर्मे आणि मागे सोडलेल्या खुणा आम्ही लिहून ठेवतो, या आशयाची सूरह यासीनची बारावी आयतही अनेक भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात.

दुसरा प्रसंग हजरत उबई बिन कअब (रजि.) यांनी सांगितला आहे आणि तो सहीह मुस्लिममध्ये आहे. एका अन्सारी गृहस्थाचे घर मस्जिदीपासून सर्वांत दूर होते, तरी त्यांची एकही नमाज चुकत नसे. काळोखात आणि तापलेल्या वाळूवर बसायला एक गाढव विकत घ्या, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी सांगितले की माझे घर मस्जिदीला लागून असावे अशीही माझी इच्छा नाही. मस्जिदीकडे जाणारी आणि घराकडे परतणारी, अशी माझी दोन्ही वेळची पावले लिहिली जावीत, एवढेच मला हवे. प्रेषित (स.) यांनी त्यांना ग्वाही दिली की अल्लाहने ते सर्व तुमच्यासाठी एकत्र केले आहे. जुमाविषयी तर अबू दाऊद, तिरमिजी इत्यादी संग्रहांतील एका हदीसमध्ये स्नान करून, लवकर निघून, स्वार न होता पायी जाणाऱ्याला आणि लक्षपूर्वक खुतबा ऐकणाऱ्याला प्रत्येक पावलामागे एका वर्षाच्या रोजांचे व नमाजांचे पुण्य सांगितले आहे.

वाचकहो, प्रामाणिकपणे सांगायचे तर ही वचने मस्जिदीकडे जाणाऱ्या पावलांविषयी आहेत. ती ओढूनताणून भाजीबाजाराच्या वाटेला लावणे योग्य होणार नाही. परंतु मस्जिदीच्या वाटेपुरते जरी ती मनावर घेतली तरी आपले वर्तन किती बदलेल, याचा विचार करावा. मोहल्ल्यातील मस्जिद हाकेच्या अंतरावर असते आणि तरीही जुमाच्या दिवशी तिच्यासमोर गाड्यांची दाटी होते. जी पावले फरिश्ते लिहून घेत होते, ती आपण चाकांना देऊन टाकतो. राहिली इतर कामे. तेथे नियत आहे. दुसऱ्याला त्रास होऊ नये, उधळपट्टी टळावी, अल्लाहने दिलेले शरीर धडधाकट राहावे, या हेतूने उचललेले पाऊल निष्फळ जाईल, असे मानण्यास कारण नाही, कारण कर्मे नियतवर अवलंबून आहेत.

रस्त्याचा हक्क

आपण रस्त्याला सरकारी मालमत्ता समजतो. प्रेषित (स.) यांनी रस्त्याला हक्क असल्याचे सांगितले आहे. नजर खाली ठेवणे, कोणाला इजा न करणे, सलामचे उत्तर देणे, भलाईची प्रेरणा देणे व वाईटापासून रोखणे हे ते हक्क होत. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. मग वाटेत त्रासदायक वस्तू आणून उभी करणे ही कशाची शाखा म्हणावी? एका लष्करी मोहिमेत लोकांनी आपले तंबू पसरून इतरांची वाट अडविली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी असे जाहीर करविले की जो जागा अडवितो किंवा वाट तोडतो त्याचा जिहाद नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहातील ही हदीस आपल्या मस्जिदींच्या दारांवर लावण्यासारखी आहे. जिहादसारखे कर्मही वाट अडविल्याने धोक्यात येत असेल, तर दोन रकअत नमाजसाठी रुग्णवाहिकेची वाट अडविणाऱ्याने निश्चिंत राहू नये.

हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेला उपदेश सूरह लुकमानमध्ये आहे. चाल मध्यम ठेव आणि आवाज खाली ठेव, हे त्यातील दोन आदेश एकाच आयतीत शेजारी शेजारी आले आहेत, आणि सर्वांत कर्कश आवाज गाढवाचा असल्याचे तेथेच सांगितले आहे. सिग्नल हिरवा होण्याआधीच ज्याचा हॉर्न वाजू लागतो, त्याने ही आयत अवश्य आठवावी. आणखी एक शिष्टाचार आपण जवळजवळ विसरलो आहोत. स्वाराने पायी चालणाऱ्याला प्रथम सलाम करावा, अशी शिकवण आहे. वर बसलेल्याने खाली असलेल्याचा मान राखावा, हे त्याचे मर्म. बंद काचेआडून सलाम पोहोचत नाही. पायी चालणारा मात्र दहा मिनिटांच्या वाटेत चार जणांना सलाम करतो, एखाद्या आजाऱ्याची खबर घेतो आणि शेजाऱ्याच्या दारावर लागलेले कुलूप त्याच्या ध्यानात येते.

आपले शहर पायांच्या मापाचे होते

मलिक अंबर यांनी १६१० मध्ये खडकी येथे हे नगर वसविले. पुढे १६५३ मध्ये त्याला औरंगाबाद हे नाव मिळाले, आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. बावन्न दरवाजांचे शहर अशी त्याची ख्याती. हे दरवाजे, शहागंज आणि गुलमंडीचे बाजार, मोहल्ल्यामोहल्ल्यांतील मस्जिदी, नहरींचे पाणी पोहोचविणारे हौद, हे सारे चालणाऱ्या माणसाच्या मापाने उभे राहिले होते. आपल्या आजोबांची पिढी जुन्या शहरातून सायकलीवर नोकरीला जात असे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

अलीकडेही प्रयत्न झाले आहेत. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०२० मध्ये शहरांसाठी सायकलींना आणि पादचाऱ्यांना प्राधान्य देणारे दोन उपक्रम जाहीर केले. आपल्या शहराने त्यांत भाग घेतला आणि क्रांती चौक व पैठण गेट परिसरातील रस्त्यांचा त्या दृष्टीने विचार झाला. परंतु रंगविलेल्या पट्टीने सायकलमार्ग तयार होत नाही. तिच्यावरून सायकली जाव्या लागतात, आणि तिच्यावर कोणी गाडी लावू नये लागते. पदपथाचेही तसेच. प्रशासनाला दोष देण्यापूर्वी आपल्याच दुकानाची पायरी, आपलाच फलक किंवा आपलीच दुचाकी पदपथावर नाही ना, हे पाहिलेले बरे.

मनातील अडथळे

पहिला अडथळा उन्हाचा. मराठवाड्याचा उन्हाळा थट्टेचा नाही. इस्लामनेही उन्हाची थट्टा केलेली नाही. कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंडाव्याच्या वेळेला घेण्याची सूचना हदीसमध्ये आहे. तेव्हा मे महिन्याच्या दुपारी चालण्याचा आग्रह कोणी धरीत नाही. सकाळ आहे, अस्रनंतरची वेळ आहे, आणि पावसाळा व हिवाळा मिळून वर्षातील आठ महिने आहेत.

दुसरा अडथळा सुरक्षिततेचा, विशेषतः भगिनींच्या आणि मुलांच्या. हा खरा अडथळा आहे आणि तो बोलण्याने दूर होत नाही. रात्री, अंधाऱ्या किंवा भरधाव रस्त्यावर वाहन घेणे हीच शहाणपणाची गोष्ट आहे. परंतु स्त्रीने पायी बाहेर पडणे हे तिच्या शालीनतेविरुद्ध आहे, अशी समजूत काही घरांत आढळते, तिला आधार नाही. सूरह अल्-कससमध्ये (आयत २५) हजरत मूसा (अ.) यांना बोलवायला आलेल्या मुलीचे वर्णन आहे. ती पित्याच्या कामासाठी चालत आली, आणि अल्लाहने तिच्या चालण्यातील लज्जेची नोंद आपल्या ग्रंथात केली.

तिसरा अडथळा प्रतिष्ठेचा, आणि बहुधा हाच सर्वांत मोठा आहे. गाडी असूनही चालत आला म्हणजे परिस्थिती खालावली असावी, असे लोक म्हणतील. बद्रच्या वाटेवर उंट थोडे होते. प्रेषित (स.), हजरत अली (रजि.) व हजरत अबू लुबाबा (रजि.) यांच्यात एकच उंट होता आणि ते आळीपाळीने बसत. दोघांनी विनंती केली की आपण बसून राहावे, आपल्या वाट्याचे आम्ही चालू. प्रेषित (स.) यांनी नकार दिला. तुम्ही माझ्याहून सशक्त नाही आणि पुण्याची गरज मलाही तुमच्याइतकीच आहे, असे त्यांचे उत्तर होते. ज्यांच्या पावलांखालची धूळ सहाबा डोळ्यांना लावतील, ते आपल्या पाळीला उतरून चालले. रहमानचे दास जमिनीवर नम्रतेने चालतात, असे सूरह अल्-फुरकानमध्ये (आयत ६३) सांगितले आहे. चालण्यात लाज वाटू लागली तर समजावे की औषधाची गरज पायांना नसून मनाला आहे.

चौथा अडथळा तर्काचा आहे. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या एका गाडीने काय फरक पडणार? प्रश्न तर्कशुद्ध वाटतो, परंतु हाच प्रश्न सिग्नलवरचा प्रत्येक जण विचारीत असतो आणि त्या सर्वांच्या मिळूनच तो धूर बनतो. सूरह अज्-जिलजालने याचा निकाल आधीच लावला आहे. कणाएवढी भलाई दिसेल आणि कणाएवढी बुराईही दिसेल. तेथे हिशेब शहराचा नाही, माझा आहे. माझ्या वाट्याचा कण किती, हेही मोजून पाहता येते. रोजची दोन किलोमीटरची फेरी वर्षातून ३०० दिवस टाळली तर ६०० किलोमीटर होतात. शहराच्या गर्दीत गाडी लिटरला १२ किलोमीटर धावते असे धरले तर ५० लिटर पेट्रोल वाचते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका घराच्या एका सवयीचा भार वर्षाला सुमारे ११५ किलो. वाचलेली रक्कम पाच हजार रुपयांच्या पुढे जाते, आणि तेवढ्यात एखाद्या गरजू विद्यार्थ्याला साधी सायकल घेऊन देता येते. उधळपट्टीचे रूपांतर सदकामध्ये करण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच सापडेल.

काय करावे?

आपल्या घराभोवती मनाने एक किलोमीटरचे वर्तुळ काढावे. त्यातील कामे पायांची. दोन-तीन किलोमीटरपर्यंतची, जेथे रस्ता धोक्याचा नाही तेथे, सायकलीची. त्यापुढे शहर बस, रिक्षा व मोटार आहेतच. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. पाऊण किलोमीटरवरच्या मस्जिदीत दिवसातून एकदा जरी चालत जाऊन आलो, तरी त्यातील बराच वेळ भरून निघतो. ज्यांचे गुडघे दुखतात, जे आजारी आहेत, ज्यांच्या कडेवर मूल आहे, त्यांनी संकोच न करता वाहन वापरावे. म्हाताऱ्या आईला गाडीतून दवाखान्यात नेणारा मुलगा त्या गाडीचा हक्कच अदा करीत असतो. त्याला रस्ता मोकळा मिळावा, म्हणून तर धडधाकट माणसाने उतरून चालायचे.

आणि या जुमाला, अजानपूर्वीच, मुलाचा हात धरून पायी निघावे. वाटेत भेटेल त्याला सलाम करावा. मुलाने विचारले की अब्बा, गाडी का नाही काढली, तर त्याला त्या अन्सारी गृहस्थांची गोष्ट सांगावी, ज्यांना जातानाची आणि येतानाची दोन्ही पावले हवी होती.

अल्लाह आपल्याला त्याच्या नेमतींचा योग्य वापर करण्याची, जमिनीवर नम्रतेने चालण्याची आणि कोणाच्याही वाटेतला अडथळा न बनण्याची सुबुद्धी देवो. आमीन.